गासडीचं मातेरं

हरणाबाईची पाठ लोडरने मोडली असं सांगितलं, की नव्या माणसाला वाटतं लोडर तिच्या अंगावरून गेला असेल. तसं काही घडलं नाही. लोडरने तिला साधा धक्काही दिला नाही. पाठ मोडली ती तिच्या तोंडाने आणि सयाजी हवालदाराच्या ताठ्याने. लोडर बिचारा दोघांच्या मध्ये उभा होता.

आता जतच्या बाजारात ती मेंढरं घेऊन येते, तेव्हा कमरेतून पार वाकलेली असते. कुणाशी बोलायचं झालं तर मान तिरकी करून खालून वर बघते. खालून बघणारं माणूस एरवी गरीब दिसतं. ही दिसत नाही. व्यापारी तिच्याशी भाव करताना दोन पावलं मागे सरकून उभे राहतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

तोंड तिला जन्मापासूनचं. सासू होती तोवर दोघींचं भांडण शेजारच्या वस्तीवर बसून ऐकता यायचं. सासू गेल्यावर आता भांडावं कुणाशी हे न सुचून ती वर्षभर सैरभैर हिंडत होती, असं तिची जाऊच सांगते. तलाठी असो, देवऋषी असो की खुद्द बिरोबा असो, सगळ्यांना एकेरी हाक. नवरा भाऊसो मात्र इतका मवाळ, की वाटेत झोपलेल्या कुत्र्यालाही वळसा घालून जाईल. एकाने बोलायचं आणि एकाने ऐकायचं अशी वाटणी त्यांनी लग्नातच करून घेतली होती, आणि संसार त्यावर बरा चालला होता.

बहात्तरच्या दुष्काळाने ती वाटणी मोडली. माळावर काडी उरली नाही, तेव्हा भाऊसो कळप घेऊन पश्चिमेला निघाला, कृष्णाकाठी काही मिळालं तर मिळालं म्हणून. चालू न शकणाऱ्या वीसेक गाभण मेंढ्या मात्र त्याने मागे ठेवल्या. निघताना तो बायकोला म्हणाला, "बी राखून ठीव. म्या मोकळ्या हातानं आलो तरी हेंच्यापास्नं पुन्यांदा कळप हुईल." त्या माणसाने आयुष्यात बायकोला दिलेला हा पहिला हुकूम. हरणाबाईने त्यावर एक शब्द उलटा काढला नाही. मेंढ्या जगवायच्या, बस. त्यानंतर तिने जे जे केलं, बरं म्हणा, वाईट म्हणा, ते सगळं एवढ्यासाठी.

गावाच्या कोरड्या तलावात जनावरांची छावणी पडली होती. दावणीला बैल, गाई, म्हशी. मेंढराला आत जागा नव्हती. छावणीभोवती घायपाताचा दोर बांधला होता, आणि मेंढरं त्या दोराच्या बाहेर. हरणाबाईने पहिल्याच दिवशी चेअरमनला गाठून विचारलं की मेंढरू काय दगड खातं का. चेअरमन म्हणजे नदीकाठच्या साखर कारखान्याचे, छावणी त्यांच्याच कारखान्याने चालवलेली. ते म्हणाले नियम आहे. ती म्हणाली तुझ्या नियमाला शिंगं असतील, माझ्या मेंढ्यांना नाहीत. चेअरमन हसले आणि जीपमध्ये बसून गेले. नियम राहिला.

पण हरणाबाईला छावणीत काम मिळालं. मिरजेहून ट्रकने गवताच्या गासड्या यायच्या. कोरडं गवत यंत्रात दाबून, दोन बाजूंना बांबूच्या कामट्या लावून तारेने आवळलेलं; एकेक गासडी उचलायला दोन बायका लागायच्या. ट्रक रिता करायचा, गंजी रचायची, मग गंजीपासून दावणीपर्यंत गासडी वाहून नेऊन तिथे तार तोडायची. या कामात गवताचा चुरा सांडतो, आणि तो चुरा बायकांचा. हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. खळ्यावर मळणी झाली, रास भरली, की जमिनीला चिकटून राहिलेलं मातीमिश्रित धान्य झाडणारीच्या पदरात पडतं. त्याला मातेरं म्हणतात, आणि त्यावर मालक हक्क सांगत नाही. छावणीतही तसंच चाललं. बायका दिवस मावळायच्या आत खराटा फिरवायच्या, चुरा पाखडून घ्यायच्या. कुणाची शेळी त्यावर होती, कुणाचं कोकरू. हरणाबाईच्या वीस मेंढ्या होत्या, म्हणून ती सगळ्यांत आधी खराटा धरी आणि सगळ्यांत शेवटी ठेवी. त्यावरूनही भांडणं व्हायची.

मग सयाजी हवालदार आला.

हा गडी कऱ्हाडजवळच्या मलकापूरचा. घरचा बारमाही ऊस, विहिरीला पाणी, आणि लष्करात खेचरांच्या पलटणीत उभी हयात गेलेली. पेन्शन घेऊन घरी बसला होता तिथून कारखान्याने त्याला उचलला आणि वैरणीच्या गोदामावर मुकादम म्हणून जतच्या माळावर आणून सोडला. मिशीला पीळ, पायात बूट, काखेत वेताची छडी. आल्या दिवशी त्याने बायकांना ओळीत उभं केलं. हरणाबाई ओळीत उभी राहिली नाही. तिथून सुरुवात झाली.

सयाजी चोर नव्हता, आळशी नव्हता, लाच खाणारा तर मुळीच नव्हता. असता तर बरं झालं असतं, कुणाचं तरी भागलं असतं. त्याचं दुखणं वेगळं होतं. लढाईच्या दिवसांत डोंगरावर त्याच्या खेचरांसाठी ज्या गासड्या पोचल्या, त्या मधून पोकळ निघाल्या होत्या. वाटेत कुणीतरी गवत ओढून घेतलेलं. खेचरं एकमेकांच्या शेपट्या खात मेली, आणि ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून गवताची काडी उचलणारा हात दिसला की त्याचं डोकं फिरायचं. हे तो कधी कुणाला सांगत नसे. सांगितलं असतं तरी हरणाबाईने ऐकून घेतलं असतं असं नाही.

त्याने मातेऱ्यालाच चोरी म्हटलं. झाडलेला चुराही दावणीला गेला पाहिजे, असा हुकूम सोडला. तेव्हा छावणीतले म्हातारे शेतकरी, ज्यांच्या बैलांसाठी हा हुकूम होता तेच, उठून म्हणाले की मुकादम, हे नको, मातेरं घेतलेल्या दावणीला बरकत राहत नाही. सयाजीला माघार घ्यावी लागली. पण त्याने दुसरा मार्ग काढला. गासडी आपटायची नाही, ओढायची नाही, तार जमिनीवर तोडायची नाही, गव्हाणीतच तोडायची. आणि बायका काम करत असल्या की हा छडी घेऊन मागे. गासडी नेताना दोघी का लागतात, यावर त्याचा रोजचा शेरा ठरलेला. "एकीचं काम, दोघींची हजेरी," तो ऐकू जाईल असं म्हणायचा.

मातेरं निम्म्यावर आलं. हरणाबाईच्या एका मेंढीने गाभ टाकला, दुसरी उठेना. जी उठेना त्या मेंढीला तिने आपल्या वाट्याच्या भाकरीचा तुकडा भरवला, ती मेंढी तरीही मेली. त्या दिवशी हरणाबाई कुणाशी भांडली नाही, आणि तिच्याबरोबर गासडी उचलणाऱ्या धोंडुबाईला तेव्हाच भीती वाटली.

दुपारी जेवून सयाजी लिंबाखाली तासभर आडवा व्हायचा. लष्कराची सवय, घड्याळ लावून झोपायचा आणि घड्याळासारखा उठायचा. तेवढ्या वेळात हरणाबाई गंजीच्या मागच्या रांगेत शिरे. दोन तारांच्या मधून हात घालून गासडीच्या पोटातलं गवत मूठमूठ उपसायचं, आणि आकार राहावा म्हणून आत वाळलेला तरवड कोंबायचा. तरवडाला जनावर तोंड लावत नाही, त्याला वजनही नसतं. ही चोरीच होती. त्या गवतावर कुणातरी गरिबाच्या बैलाचा हक्क होता, आणि हे हरणाबाईला चांगलं कळत होतं. तिने ते केलं. मेंढ्या उभ्या राहू लागल्या.

एवढ्यात चेअरमनच्या डोक्यात लोडर आला. ट्रक तासन्‌तास खोळंबतात, बायकांचं काम हळू, तेव्हा यंत्र आणू असं त्यांनी ठरवलं. एक नाही, दोन यंत्रं दारात आणून उभी केली आणि सयाजीला सांगितलं, यातलं एक निवड, दुसरं पलीकडच्या छावणीला जाईल.

मोठा लोडर कारखान्यात चिपाडाचे ढीग हलवणारा. पिवळा, माणसापेक्षा उंच चाकांचा. डझनभर गासड्या तो एका घासात उचलत होता, ट्रकवरून थेट दावणीपर्यंत नेत होता. धाकटा म्हणजे एक जुना बारका ट्रॅक्टर. माधवनगरच्या गिरणीत पूर्वी मेकॅनिक असलेल्या अर्जुनाने त्याच्या तोंडाला दोन लांब लोखंडी दात आणि उचलायची यारी बसवली होती, आणि तोच तो चालवायचा. हा सहा गासड्या घेईल असं अर्जुनाचं म्हणणं. तो ट्रकपासून गंजीपर्यंतच कामाचा, दावणीच्या अरुंद गल्ल्यांत त्याचे दात शिरत नव्हते. म्हणजे गंजीपासून पुढे माणसंच लागणार.

बायकांना समजावून सांगावं लागलं नाही. मोठा आला तर आपण घरी. खराटा घरी, मातेरं बंद. चेहरे पडले. धोंडुबाई म्हणाली की मुकादमाच्या पाया पडू या. हरणाबाई म्हणाली पाया पडायचं असेल तर तू पड, त्याच्या बुटाला वास येतो.

निवडीच्या दिवशी चेअरमन जीप घेऊन आले. सयाजी छडीने तलावाचा गाळ टोचत फिरला. यंत्र कसं निवडावं हे त्याला कळत होतं, हे नाकारता येणार नाही. तो चेअरमनला सांगत होता की आधी ओझ्याचं वजन बघायचं, मग जमीन, मग वळायला जागा. मोठ्याचं चाक या गाळात रुतेल, आणि त्याला वळवायचा तर दावणीची एक रांग उपटावी लागेल. धाकट्याला जमीन चालेल, जागा चालेल, प्रश्न एवढाच की पुढे सहा गासड्यांचं वजन आलं तर त्याचं बूड जमिनीवर राहील का. गासडी भारी असेल तर मोठाच घ्यावा लागेल, रांग उपटली तरी बेहत्तर. छावणीत काटा नव्हता. गासड्या नगावर यायच्या, नगावर जायच्या.

"वजन काय असंल ह्येचं?" चेअरमनांनी विचारलं.

सयाजीने गासडीवर छडी मारून बघितली, आवाज ऐकला. मग त्याने बायकांकडे बघितलं. हरणाबाई पुढे आली.

"वजन कसलं? एका बाईचं वजं हाय," ती म्हणाली.

आणि मागच्या रांगेतली एक गासडी तिने एकटीने पाठीवर घेतली, दोन्ही हात मागे धरले, आणि गंजीला फेरा मारून जागेवर आणून ठेवली. दम लागला नाही. बायकांनी तोंडावर पदर घेतले. रोज दोघींनी उचलायची ती गासडी ही अशी नेते, हे बघून धोंडुबाईला काय ते कळलं, आणि तिने मान खाली घातली.

सयाजीने त्या वेळी पुढे होऊन ती गासडी एकदा हातांनी उचलून बघायची होती. चार पावलांवर होती. उभी हयात गासड्यांत गेलेला माणूस, बोट लावताच त्याला समजलं असतं. पण त्याचं लक्ष गासडीवर नव्हतंच. त्याला जे ऐकायचं होतं ते त्याने ऐकलं होतं. तो चेअरमनकडे वळला, आणि त्याच्या मिशीखाली हसू मावत नव्हतं. "मी म्हणत हुतो का न्हाई, साहेब? एकीचं काम दोघी करत्यात. आता तिच्याच तोंडानं निघालं."

अर्जुनाने त्याच मागच्या रांगेतल्या सहा गासड्या धाकट्याच्या दातांवर घेतल्या. ट्रॅक्टरने त्या अलगद उचलल्या. बूड हललं नाही. सयाजीने छडी काखेत मारली आणि धाकटा पसंत केला. मोठा लोडर त्याच दुपारी धूळ उडवत पलीकडच्या छावणीला निघून गेला. हरणाबाईने संध्याकाळच्या आत त्या रांगेतल्या सगळ्या पोकळ गासड्या स्वतः फोडून दावणीला टाकल्या, तरवड वेगळा काढून चुलीत घातला, आणि त्या दिवशी तिने पोटभर शिव्या दिल्या, कुणाला ते विशेष ठरवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिरजेचा ट्रक आला. ताज्या, भरगच्च गासड्या. सयाजीने मुद्दाम चेअरमनांना बोलावून घेतलं होतं. अर्जुनाने दात घातले, सहा गासड्या घेतल्या, यारी ओढली. गासड्या छातीपर्यंत चढल्या आणि ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीवरून सुटली. यंत्र नाकावर उभं राहिलं. अर्जुना उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. गासड्या घरंगळल्या, ट्रॅक्टर धाडकन खाली बसला, आणि एक दात वाकून बाजूला झाला. दावणीची जनावरं दावी ओढू लागली. चेअरमन पुष्कळ काही बोलले. लष्करात काय खेचरांनी तुम्हाला हाकलं होतं का, असंही सगळ्यांसमोर बोलले.

सयाजी खाली मान घालून उभा होता. मग तो पडलेल्या गासडीजवळ गेला आणि बुटाच्या टोकाने तिला ढकललं. ती हलली नाही. तेव्हा त्याने मान वर करून हरणाबाईकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती. कालच्या गासडीत काय नव्हतं हे आता दोघांनाही माहीत होतं. पण सयाजीपाशी पुरावा उरला नव्हता, पुरावा बैलांनी खाल्ला होता.

त्याने आवाज चढवला नाही. दात सरळ होईपर्यंत लोडर बंद, आणि दात झाल्यावरही तो दोन-दोन गासड्याच घेईल. बाकीचं काम हातांनी. आणि आजपासून एका बाईने एक गासडी न्यायची, दोघींची हजेरी बंद. "माझं म्हणणं न्हाई हे. हिनंच काल सांगितलं. एका बाईचं वजं."

आता बायका उसळल्या, आणि उसळल्या त्या सयाजीवर नाही, हरणाबाईवर. धोंडुबाईने तर तिच्या अंगावर खराटाच फेकला. तुझ्या मेंढ्यांपायी आमच्या पोटावर पाय आणलास, म्हणाली. जिच्याबरोबर पहिल्या गासडीपासून हात लावला त्या बाईने चारचौघांत थुंकून तोंड फिरवलं, हे हरणाबाईला लागलं. फार लागलं. पण लागलं हे दाखवायची तिला रीत माहीत नव्हती.

खरं सांगणं सोपं होतं. गासडी पोकळ होती म्हणायचं, सुटायचं. आणि म्हटलं की छावणीतून बाहेर, आणि मेंढ्यांचं मातेरंही बंद. सयाजी त्याचीच वाट बघत होता. आज नाही तर उद्या ही बाई कबूल होईल, याची त्याला खात्री होती. हरणाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बोलले मी हाय. उचलीन बी मीच. हेंनी दोगींनीच उचलायचं. तेंची हजेरी तोडलीस तर बघ."

"आणि दोगी जेवढं नेत्यात तेवढं एकटीनं न्यायचं," सयाजी म्हणाला.

"नेईन की."

अशी सुरुवात झाली. कुणी म्हणेल चार दिवसांत एकाने तरी सोडून द्यायचं. दोघेही सोडणारे नव्हते. रोज सकाळी सयाजी गंजीजवळ छडी घेऊन उभा, आणि हरणाबाई खाली बसून पाठ गासडीला लावते, तार खांद्यावरून दोन्ही हातांनी धरते, एक गुडघा टेकून उठते. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिला सरळ होता आलं नाही. तळव्यांत तारेचे वळ. धोंडुबाई बोलत नव्हती, तरी एकदा तिने दुसरी बाजू धरायला हात पुढे केला, तर हरणाबाईने तो झटकून टाकला. सयाजीचा पहारा आता दुपारीही हलत नव्हता, त्याने झोप सोडून दिली. म्हणजे गासड्या पोकळ करणं संपलं. मेंढ्यांना उरलं ते नुसतं मातेरं.

तेव्हा हरणाबाईने वाट बदलली. गंजीपासून दावणीकडे सरळ न जाता ती दोराच्या कडेने जाऊ लागली. दोराच्या पलीकडे तिच्या मेंढ्या उभ्या असत. पाठीवरची गासडी दोरावरून जरा बाहेर आली, की मेंढ्या माना लांबवून तिच्यातलं गवत ओढून घेत. ती थांबत नसे, चालत राही, आणि मेंढ्या दोराच्या बाहेरून तिच्या बरोबरीने चालत, ओढत, चावत. तार करकरायची, बाईच्या पाठीला हिसके बसायचे. दावणीपर्यंत पोचेस्तोवर गासडीची एक कड कुरतडलेली असे.

सयाजीने हे पाहिलं आणि तो पळत आला. मेंढरांनी दोर ओलांडला, म्हणाला. हरणाबाई वाकलेली तशीच थांबली. आता तिला वर बघायला मान वाकडी करावी लागत होती.

"दोर कुणी वलांडलाय? मेंढ्या भाईर, मी आत."

"ही चोरी हाय."

"मातेरं हाय. भुईवर पडायच्या आदीचं."

दावणीवरचे म्हातारे हसले. ज्यांच्या बैलांच्या तोंडचं गवत जात होतं, तेच हसले. सयाजीने छडी वर उचलली. मेंढीवर मारायची की बाईवर, हे त्याचं त्यालाच ठरेना. समोर एक गाभण मेंढी होती, तिच्या बरगड्या मोजता येत होत्या, आणि तिच्या तोंडातून गवताची काडी लोंबत होती. त्याने छडी खाली घेतली. त्याला खेचरं आठवली की नाही, कोण सांगणार. तो एवढंच म्हणाला, "थांबायचं न्हाई. चालता चालता जेवढं घेतील तेवढं. थांबलीस तर बघ." आणि पाठ फिरवून गेला. हरणाबाई त्याच्या पाठीला जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

थांबायचं नाही, तर थांबायचं नाही. ती सावकाश चालू लागली. सावकाश म्हणजे पाठीवरचं ओझं दुप्पट वेळ. मेंढ्या व्यायला लागल्या. कोकरं दोराखालून आत पळायची आणि सयाजी त्यांना बुटाने नव्हे, हाताने धरून बाहेर टाकायचा, शिव्या घालत.

पुढे पाऊस झाला आणि छावणी उठली. भाऊसो परतला तो मोजक्याच मेंढ्या घेऊन, आणि त्याही धड नव्हत्या. वस्तीवर आल्यावर त्याला दिसलं की मागे ठेवलेल्या मेंढ्यांतल्या बहुतेक उभ्या आहेत आणि त्यांच्या मागे कोकरं आहेत. मग त्याला बायको दिसली. ती चुलीपासून उठून आली, पण उठल्यासारखी दिसली नाही. तो पुढे झाला. तिच्या पाठीवर हात ठेवायला गेला तर तिने तो झिडकारला, आणि मग पुन्हा धरला.

छावणी मोडायच्या दिवशी हरणाबाई आपला खराटा न्यायला तलावात गेली. धाकटा लोडर ट्रकवर चढवून बांधला होता. गंजीच्या जागी एकच गासडी उरली होती, खालच्या ओलीने कुबट झालेली. सयाजी तिथे उभा होता, बूट पुसलेले, निघायच्या तयारीत. तिला बघून त्याने छडीने वाट अडवली.

"आता छावणी न्हाई, मुकादम न्हाई. तुजं कोण काय वाकडं करणार न्हाई. खरं सांग. त्या दिशी ती गासडी पोकळ हुती का न्हाई?"

हरणाबाईने मान तिरकी करून खालून वर बघितलं.

"चार पावलांवर हुती. उचलून बघायची हुतीस. हात न्हवतं का तुला?"

 सयाजीचा चेहरा लाल झाला. मग त्याने छडी खाली ठेवली, उरलेल्या गासडीकडे वळला, खाली बसून तिला पाठ लावली, आणि तार खांद्यावरून दोन्ही हातांनी धरली. जशी ती रोज धरायची तशीच. महिनोन्‌महिने त्याने ते बघितलं होतं. एक गुडघा टेकला, उठला. अर्धाच उठला. मिशी घामाने खाली आली, आणि तो ना वर ना खाली असा तिथेच अडकला.

गासडीची दुसरी बाजू तिच्या हाताशी होती. ती धरायला हरणाबाई पुढे झाली नाही. खराटा काखेत मारून ती उभ्या उभ्या बघत राहिली.

"ठीव खाली," शेवटी ती म्हणाली. "एकाचं वजं न्हाई त्ये."

सयाजीने गासडी सोडली. हरणाबाई वळली आणि वाकलेलीच, तलावाचा चढ चढून मेंढ्यांकडे गेली.